कॅमेरा चालत नाही म्हणून लॅपटॉप भंगारात?

संगणक कक्षातल्या जुन्या लॅपटॉपांचे काय करायचे, हा विषय विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत आहे. पालकसभेत त्यावर बरीच चर्चा झाली आणि मते दोन पडली. या अंकात आम्ही आमचे मत मांडत आहोत. ते सर्वांना पटेलच असे नाही. पण निर्णय होण्यापूर्वी ते वाचले जावे, एवढी विनंती आहे.

प्रश्न कसा उभा राहिला, ते आधी थोडक्यात. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. मर्यादित मुदतवाढीची योजना कंपनीने जाहीर केली खरी, पण मुदतवाढ ती मुदतवाढच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी वेळोवेळी प्रेमाने दिलेले आपले बहुतेक लॅपटॉप या अटींत बसत नाहीत. यंत्रे तशी ठणठणीत आहेत. कळफलक चालतो, पडदा स्वच्छ दिसतो; म्हातारी झाली आहे ती त्यांच्यावरची प्रणाली. एक मत असे की हे लॅपटॉप विकून टाकावेत आणि नवे घ्यावेत. दुसरे असे की त्यांच्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालावी. काही लॅपटॉपांवर ती घालून पाहिली. बाकी सारे चालले, परंतु दोन-तीन यंत्रांत पडद्याच्या वरच्या कडेचा कॅमेरा सुरू होईना. तेव्हापासून 'लिनक्सवर कॅमेरा चालत नाही' हे वाक्य शाळेत फिरते आहे.

आमच्या मते हे वाक्य अर्धवट आहे आणि एवढ्या वाक्यावर निर्णय होऊ नये. जुन्या लॅपटॉपांतले बहुतेक कॅमेरे लिनक्सवर चालतात. जे चालत नाहीत ते का चालत नाहीत, हे शोधणे आपल्या आठवी ते अकरावीच्या मुलांना जमण्यासारखे आहे. त्या शोधात मुलांना जे शिकायला मिळेल, ते नव्या लॅपटॉपांच्या खरेदीतून मिळणार नाही.

कॅमेऱ्यावाचून काय अडले आहे, असेही कोणी विचारले. आपल्या शाळेचे अडते. इंदुरात मराठी शिकवायला शिक्षक मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे, म्हणून शनिवारचा मराठीचा तास पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका व्हिडिओवरून घेतात. आपली मुले घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलतात. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. 'चहा'तला च आणि 'चमच्या'तला च हे दोन वेगळे उच्चार आहेत, हा भेदही हिंदीत नाही. मग 'शाळे'ची 'शाला' होते, आणि जगात जगायचे म्हटले की दोन्ही ज सारखेच ऐकू येतात. मुलाने तोंड कसे उघडले, जीभ कुठे टेकवली, हे बाईंना दिसावे लागते. नुसत्या आवाजावर भागले असते तर टेलिफोन पुरला असता. तेव्हा कॅमेऱ्याचा प्रश्न आम्ही किरकोळ मानत नाही. तो सोडवूनच पुढे जायला हवे.

आता थोडे यंत्राविषयी. लॅपटॉपमधला कॅमेरा बाहेरून दिसत नसला तरी आतून बहुधा यूएसबीच्याच तारेने जोडलेला असतो. तारेतून आलेल्या आकड्यांचे चित्र करायचे, तर प्रणालीला त्या कॅमेऱ्याची भाषा यावी लागते. ही भाषा जाणणाऱ्या दुभाषाला ड्रायव्हर म्हणतात. पूर्वी प्रत्येक कंपनीचा कॅमेरा आपापली भाषा बोलत असे आणि कंपनी ड्रायव्हर देई तो बहुधा फक्त विंडोजसाठी. लिनक्सवाल्यांच्या हाती काही येत नसे. मग स्वयंसेवक कॅमेरा आणि संगणक यांच्यात काय देवाणघेवाण होते ते टिपून ठेवत, त्यावरून भाषा ताडत आणि ड्रायव्हर लिहीत. फ्रान्समधल्या एका डॉक्टरांनी आपला वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून असे दोनशेहून अधिक कॅमेरे लिनक्सवर चालते केले. त्यांचे काम पुढे २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दाखल झाले.

याच्या उलट घडलेली गोष्टही मुलांनी जाणून घ्यावी. फिलिप्सच्या काही कॅमेऱ्यांसाठी एका स्वयंसेवकाने ड्रायव्हर लिहिला होता. पण चित्र पूर्ण आकारात उलगडणारा त्याचा भाग कंपनीशी झालेल्या करारामुळे गुप्त होता. अशा गुप्त भागासाठी ठेवलेली जागा कर्नलच्या जाणकारांनी २००४ साली काढून टाकली. लेखक रागावला आणि त्याने आपला ड्रायव्हरच मागे घेतला. कॅमेरे घेतलेली माणसे अडचणीत आली. पुढे दुसऱ्या एका कार्यकर्त्याने तो गुप्त भाग स्वतः उलगडून उघडपणे लिहिला, आणि कॅमेरे पुन्हा चालू लागले. लेखक रागावला म्हणून उघड्यावरचे काम बुडत नाही, कारण ते दुसऱ्या कोणाला तरी पुढे नेता येते. मुक्त प्रणालीचा आमच्या मते हाच सर्वांत मोठा गुण आहे. फुकट मिळते हा गुण त्यानंतरचा.

पुढे परिस्थिती पालटली. सर्व कॅमेऱ्यांनी एकच भाषा बोलावी म्हणून २००३ साली यूव्हीसी नावाचे मानक ठरले. लोराँ पिंशार यांनी त्या मानकाचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर लिहिला आणि जुलै २००८ मध्ये तो २.६.२६ या आवृत्तीपासून कर्नलचा भाग झाला. त्यानंतरच्या बऱ्याच वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपांचे कॅमेरे याच मानकाचे आहेत. त्यांना वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. तो प्रणालीबरोबरच येतो. आपल्या कक्षातले लॅपटॉप याच काळातले आहेत. म्हणूनच कॅमेरा सुरू झाला नाही, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा नसून दुसरीकडे कुठेतरी असतो, असे आम्ही म्हणतो.

तो कुठे असतो? इथे आपल्याकडे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असा प्रकार चालतो. कॅमेरा काळा दिसला की कोणी सगळी प्रणाली पुसून पुन्हा घालतो, कोणी इंटरनेटवरून दिसेल ते उतरवतो. त्याऐवजी पायरीपायरीने विचारत जावे.

पहिला प्रश्न साधा: कॅमेऱ्याला झाकण आहे का? काही लॅपटॉपांत बारीक सरकते झाकण असते, काहींत कडेला बटण असते, काहींत कळफलकाच्या वरच्या ओळीत कॅमेऱ्याचे चित्र असलेली कळ असते. यंत्र सुरू होतानाच्या बायोसच्या पानावरही कॅमेरा बंद ठेवण्याची सोय असू शकते. एखाद्या घरातून आलेल्या लॅपटॉपावर आधीच्या मालकांनी कॅमेरा तिथूनच बंद करून ठेवलेला असणे शक्य आहे.

दुसरा प्रश्न: यंत्राला कॅमेरा दिसतो का? टर्मिनल उघडून एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरे लहान लिपीत जोडून लिहावीत आणि एंटर दाबावे. यूएसबीला जोडलेल्या सर्व वस्तूंची यादी येते. कॅमेऱ्याच्या ओळीत बहुधा लॅपटॉपच्या कंपनीचे नाव नसते. कॅमेरा बनवणाऱ्या चिकोनी, रिअलटेक, सनप्लस यांसारख्या कंपनीचे असते. शेजारी दोन सांकेतिक क्रमांक असतात, एक कंपनीचा आणि एक वस्तूचा. हे क्रमांक वहीत लिहून घ्यावेत, कारण मदत मागताना लॅपटॉपच्या नावापेक्षा यांचाच उपयोग होतो. यादीत कॅमेरा नसेलच, तर प्रणाली बदलून उपयोग नाही. एक तर तो कुठेतरी बंद आहे, नाही तर बिजागरीपाशी तार सुटली आहे.

तिसरा प्रश्न: ड्रायव्हर जागा झाला का? 'डेव्ह' या फोल्डरात 'व्हिडिओ' नावाने सुरू होणाऱ्या नोंदी दिसल्या, तर झाला. इथे एक गंमत आहे. एकाच कॅमेऱ्याच्या दोन नोंदी दिसतात, व्हिडिओ शून्य आणि व्हिडिओ एक. चित्र सहसा पहिलीत असते. दुसरीत चित्राविषयीची माहिती असते. एखाद्या प्रोग्रामात दुसरी निवडली गेली, की पडदा काळा आणि कॅमेरा नादुरुस्त अशी समजूत होते.

चौथा प्रश्न: कॅमेरा दुसऱ्या कोणी धरून ठेवला आहे का? साधारणपणे एका वेळी एकाच प्रोग्रामला चित्र मिळते. मागे एखादी खिडकी उघडी राहिली असेल तर पुढच्याला नकार मिळतो. पाचवा प्रश्न परवानगीचा. चीज किंवा जीयूव्हीसीव्ह्यू या साध्या प्रोग्रामात चित्र दिसते आणि ब्राउझरमधल्या तासाला दिसत नाही, असे असेल तर कॅमेरा आणि ड्रायव्हर दोन्ही निर्दोष आहेत. ब्राउझरने परवानगी विचारली तेव्हा घाईत 'नाही' दाबले गेले असणार. पत्त्याच्या पट्टीशेजारच्या खुणेवर टिचकी मारून ती पुन्हा देता येते.

चित्र दिसू लागल्यावरच्या तक्रारीही मुलांनी समजून घ्याव्यात, कारण त्यांत शाळेचे गणित आणि विज्ञान दोन्ही आहे. चित्र अडखळते, ही नेहमीची तक्रार. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे चित्र घ्या. प्रत्येक ठिपक्याला २ बाइट धरले तर सेकंदाला ३० चित्रांचे १,८४,३२,००० बाइट होतात. आता १२८० गुणिले ७२० चे मोठे चित्र घेतले, तर ठिपके बरोबर तिप्पट होतात. म्हणजे तेवढ्याच बाइटांत सेकंदाला १० चित्रेच बसतात. यूएसबी २.० च्या तारेतून कच्चे चित्र याहून फारसे जास्त वाहत नाही. म्हणून कॅमेऱ्याला एमजेपीजी हा आवळलेला प्रकार निवडायला सांगितले, की मोठे चित्रही सेकंदाला ३० वेळा येते. दुसरी तक्रार, ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे सरकतात. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि कॅमेऱ्याच्या मांडणीत कधीकधी ६० लिहिलेले असते. ते ५० केले की पट्टे जातात. तिसरी, संध्याकाळी चित्र मंदावते. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो. त्याला इलाज एकच, खिडकीकडे तोंड करून बसणे!

आणखी एक मासला मुलांना आवडेल. आसूस कंपनीच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत कॅमेरा उलटा बसवलेला होता. विंडोजचा ड्रायव्हर चित्र फिरवून सुलटे करी, लिनक्सवर मात्र माणसे खाली डोके वर पाय दिसत. स्वयंसेवकांनी अशा लॅपटॉपांची यादीच करून ती एका सामायिक प्रोग्रामात घातली. यादीतले यंत्र दिसले, की चित्र आपोआप फिरते. ही यादी एकट्याच्या बुद्धीतून झाली नाही. आपापल्या यंत्राचे नाव नीट कळवणाऱ्या साध्या माणसांमुळे ती वाढली.

लिनक्सवर सगळेच कॅमेरे चालतात, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. विशेष म्हणजे खरी अडचण जुन्यांपेक्षा काही नव्या लॅपटॉपांत आहे. अलीकडच्या इंटेल प्रोसेसरांच्या काही यंत्रांत कॅमेरा यूएसबीने जोडलेला नसून थेट प्रोसेसरमधल्या चित्रविभागाला जोडलेला असतो. तिथे यूव्हीसी मानक लागू पडत नाही. २०२२ च्या सुमारास असे लॅपटॉप घेतलेल्या लिनक्सवाल्यांना कॅमेऱ्यावाचून राहावे लागले किंवा वेगळा ड्रायव्हर घालण्याची खटपट करावी लागली. जुलै २०२४ मधल्या ६.१० या कर्नलमध्ये त्या चित्रविभागाच्या ड्रायव्हरचा पहिला भाग आला. उरलेले काम लिबकॅमेरा हा २०१८ पासून चालू असलेला प्रकल्प करतो. तेव्हा 'नवा घेतला की प्रश्न मिटला' हे गृहीत धरण्यात अर्थ नाही. पालकांनीही घरासाठी नवा लॅपटॉप घेताना आधी पुढच्या वापराचा विचार करावा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते. यंत्रातल्या तबकडीला हात लागत नाही. दुकानदाराची परवानगी घेऊन पंधरा मिनिटांत कॅमेरा, आवाज आणि वायफाय तपासून घेता येते.

आता आक्षेपांकडे वळू. पुढे नोकरीत विंडोजच लागणार, मग मुलांना लिनक्स कशाला, असे काही पालकांनी विचारले. त्यांची काळजी रास्त आहे. परंतु बहुतेक घरांतल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. पायथॉनसारखी शाळेत शिकवली जाणारी भाषा दोन्हीकडे सारखीच चालते. आणि दहा वर्षांनी कार्यालयांत कोणती प्रणाली असेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. बिघाड कुठे आहे ते क्रमाने शोधण्याची सवय मात्र कुठेही उपयोगी पडेल. केरळने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केला आहे. तिथल्या सरकारी शाळा गेली कित्येक वर्षे मुक्त प्रणाली वापरत आहेत, आणि २०१८ साली सुरू झालेल्या 'लिटिल काइट्स' या विद्यार्थी-मंडळांतली मुले शाळेच्या तंत्रज्ञानाच्या कामात हातभार लावतात. त्यांना जमते ते आपल्या मुलांना का जमू नये?

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या वेळेचा. हा आम्हाला अधिक वजनदार वाटतो. संगणकाचे शिक्षक एकटे आहेत आणि प्रत्येक यंत्रापाशी त्यांनी बसावे, ही अपेक्षा अन्यायाची होईल. म्हणूनच हे काम मुलांवर सोपवावे आणि शिक्षकांनी देखरेख तेवढी करावी, असे आम्ही सुचवतो. कॅमेरा सुरू करणे याबरोबरच तो बंद ठेवणे हाही या शिक्षणाचा भाग असावा. तास संपला की झाकण लावावे, अनोळखी संकेतस्थळाला परवानगी देऊ नये, आणि दुसऱ्याचे चित्र त्याला विचारल्याशिवाय टिपू नये, हे मुलांनी पहिल्याच दिवशी शिकावे.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या शाळेने तरी विसरू नये. लिनक्सवरचे मेनू, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स हे मराठीत वापरता येतात. ते मराठीकरण बहुतांशी स्वयंसेवकांनी केले आहे, त्यात चुका आहेत आणि त्या सुधारायला कोणालाही वाव आहे. बाहेर सर्वत्र हिंदी-इंग्रजीचा कारभार असताना मराठी टिकवण्यासाठी ही शाळा उभी राहिली. कॅमेऱ्याच्या अडचणीची आणि उपायाची एक-एक पानभर टिपण मुलांनी सोप्या मराठीत लिहिली, तर ती पुढच्या वर्गाला उपयोगी पडतीलच, शिवाय मराठीत अशा मजकुराची जी वाण आहे ती थोडी तरी भरून निघेल.

विश्वस्तांना आमची विनंती अशी. प्रत्येक लॅपटॉप वर सांगितलेल्या पाच प्रश्नांतून जाईपर्यंत विक्रीचा निर्णय घेऊ नये. आठवी ते अकरावीतल्या इच्छुक मुला-मुलींचा एक गट करावा आणि प्रत्येक यंत्राची एक नोंदवही ठेवावी. तीत कॅमेऱ्याचे क्रमांक, काय केले आणि काय घडले, हे तारखेसह लिहावे. ज्या यंत्राचा कॅमेरा खरोखरच गेला आहे, त्यासाठी यूव्हीसी मानकाचा बाहेरून लावायचा कॅमेरा घ्यावा. नव्या लॅपटॉपच्या मानाने तो खर्च अगदी किरकोळ आहे. आणि जे यंत्र पूर्णच निकामी ठरेल, ते रद्दीवाल्याला न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्या आलेल्या शहरातल्या शाळेला चालते यंत्र भंगारात घालणे शोभणारे नाही.

यानंतरही काही नवे लॅपटॉप घ्यावे लागतील, हे आम्हाला मान्य आहे. पण किती घ्यावे लागतील, हे नोंदवह्या पाहून ठरवावे. गटात यायची इच्छा असलेल्या विद्यार्थ्यांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत, आणि ज्या पालकांना या कामाची माहिती आहे त्यांनी शनिवारी तासाआधी अर्धा तास मुलांबरोबर बसावे.